घासायचं नाही, भावजी

माझे भावजी चकाकीचे वेडे आहेत. स्वतः मात्र नाकाच्या शेंड्यापासून कोपरापर्यंत काळ्या भुकटीने माखलेले असतात. पण त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू उजळून निघते. दारांच्या मुठी, नळ, जिन्याच्या कठड्यावरचे गोळे, बँडवाल्यांचे कर्णे, एकदा तर एका आजोबांची चाकांची खुर्ची. पितळ असो, तांबं असो, स्टील असो, मळकट धातू त्यांना बघवत नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी बसल्या बसल्या समोरचा चमचा रुमालाने पुसत राहतात आणि माझी ताई टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय देते.

मी त्यांची धाकटी मेहुणी. भावजींची टिंगल करायचा हक्क मला नात्यानेच मिळाला आहे आणि तो मी कधी वाया जाऊ दिलेला नाही. पोटापाण्यासाठी मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टरांच्या हातात हवं ते हत्यार द्यायचं, रुग्णाच्या तोंडात साठलेलं पाणी नळीने ओढून घ्यायचं, घाबरलेल्याचा खांदा धरायचा आणि शहाणपणा करणाऱ्याला गप्प करायचं. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात चांगलं जमतं.

ताई-भावजींचं घर वर आणि दुकान खाली. दुकानाच्या पुढच्या खोलीत ताई बसते. गिऱ्हाइकाकडून माल घेते, त्याला चिठ्ठी बांधते, तयार झालेला माल कागदात गुंडाळून देते. मधे भिंत आणि एक दार. दाराच्या पलीकडे भावजींचा कारखाना, म्हणजे दोन मोटरी, त्यांना लावलेली कापडाची जाडजूड चाकं, आणि चाकांसमोर वाकून उभे असलेले भावजी. मोटर चालू झाली की शेजाऱ्याच्या कपाटातल्या काचासुद्धा थरथरतात. तिथे बोलून काही उपयोग नाही. म्हणून भावजी शीळ घालायचे.

ती त्यांची भाषाच होती. एक लांब शीळ म्हणजे माल तयार आहे, घेऊन जा. दोन तुटक म्हणजे चहा. आणि खालून वर चढत जाणारी, शेवटी गिरकी घेणारी एक होती, ती म्हणजे ‘इकडे ये, बघ.’ ती कामाची नव्हती. एखादी वस्तू मनासारखी उजळली की भावजी ती घालायचे. मग ताई हातातलं टाकून आत जायची, त्या नळाकडे नाहीतर मुठीकडे बघायची आणि परत येऊन बसायची. गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं असलं तरी जायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, “ताई, नळ तो नळ, त्यात रोज काय बघतेस?” ती म्हणाली, “तुला नाही कळायचं.” मला खरंच कळलं नव्हतं.

मग एक दिवस चाकाने दगा दिला. पॉलिशवाल्यांच्या धंद्यात हे होतं. वस्तू चाकावर जरा चुकीच्या जागी टेकली की चाक ती हातातून हिसकावून घेतं आणि कुठेही भिरकावतं. दाराची पितळी मूठ थेट भावजींच्या तोंडावर आली. ओठ फाटला, आणि वरचा समोरचा एक दात मुळापासून गेला.

ओठ भरून आला, पण शीळ गेली. ओठांचा चंबू करून फुंकलं की नुसतं फुस्स. मग दोघं ओरडायला लागली. “चहाऽऽ!” “काऽऽय?” “चहाऽऽ!” असं चालायचं, आणि गिऱ्हाईक बिचारं ‘नंतर येतो’ म्हणून सटकायचं. ‘इकडे ये, बघ’ हे तर ओरडून सांगताच येत नाही, भांडण काढल्यासारखं वाटतं. भावजींनी ते सांगणंच सोडून दिलं. वस्तू उजळायची, ते ती तशीच फळीवर ठेवून द्यायचे. त्या काळात घरात कुणी कुणाशी भांडलेलं नव्हतं, तरी भांडल्यासारखी शांतता होती.

शेवटी मीच त्यांना आमच्या दवाखान्यात आणलं. आमच्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या जबड्याच्या हाडात टायटॅनियम नावाच्या धातूचा छोटासा स्क्रू बसवला. काही महिन्यांत हाडाने त्याला घट्ट धरलं, मग त्याच्यावर दात चढवला. त्या दिवशी भावजी दवाखान्यातून बाहेर पडले ते शीळ घालतच. कोपऱ्यावरचा न्हावी कात्री हातात घेऊन बघायला बाहेर आला. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचं, साफसफाई करून घ्यायची. भावजी दोनदा आले. मग त्यांना सवड होईना. मी आठवण केली की ओठ वर करून दात दाखवायचे. “अगं, चकाकतोय की! आणखी काय तपासायचंय?”

अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. एका सकाळी ताईचा फोन आला. आवाज दबका होता.

“ह्यांच्या तोंडाला वास येतोय गं.”

“मग दात घासायला सांग.”

“घासतात की! एवढं घासतात की विचारू नकोस. खाली जाऊन, दार लावून घासतात. पण बोलायला लागले की मला खिडकीपाशी जावं लागतं.”

दार लावून दात घासणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. दवाखाना सुटल्यावर थेट त्यांच्याकडे गेले, भावजींना स्वयंपाकघरात दिव्याखाली बसवलं आणि म्हटलं, “आ करा.”

“काही झालेलं नाही.”

“मग आ करायला काय जातंय?”

त्यांनी आ केला. मी मोबाइलचा उजेड आत टाकला. त्या दाताच्या वरची हिरडी जांभळट लाल होऊन सुजली होती, आणि बोटाने जरा दाबली तर कडेने पू आला. ते मी आधीही कितीतरी तोंडांत पाहिलं होतं. पण हिरडी मागे सरली होती तिथे स्क्रूची जी मान उघडी पडली होती, ती आरशासारखी चमकत होती. असं मात्र मी कुणाच्याच तोंडात पाहिलं नव्हतं.

“भावजी, हे काय केलंत?”

मला वाटलं, ओशाळतील. छे! त्यांची छाती फुगली. “दिसलं ना तुला? अगं, बनवणाऱ्याने काम अर्धवट सोडलं होतं. हिरडी वर सरकली तेव्हा भिंग लावून बघितलं, तर सगळ्या स्क्रूवर रेघा! गोल गोल रेघा, वर धातू मळकट, खरखरीत. असा माल मी गिऱ्हाइकाला दिला असता तर तोंडावर फेकला असता त्याने. रेघ दिसतेय म्हणजे काम झालेलं नाही. म्हटलं, आपणच पुरं करू.”

मला आधी हसू आलं. मग राग आला, आणि राग बराच वेळ टिकला. जिच्यावर हाडाची सगळी पकड, ती रेघ या माणसाने ‘राहिलेलं काम’ म्हणून पुसायला घेतली होती. जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलं नसतं. मी त्यांना इतकं सुनावलं की ताई मधे पडली आणि म्हणाली, “पुरे आता, रडवशील त्यांना.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्याच्या खुर्चीत बसवलं. आमच्या डॉक्टरबाई मोजकं बोलतात, पण समोरच्याचं सगळं ऐकून घेतात.

“कशाने घासलंत?”

“आधी पोलादी टोच्याने खरवड काढली,” भावजी म्हणाले. “मग काचकागदाची चिंचोळी पट्टी. एकदम बारीक दाण्याची हं, मॅडम, आपण भरड दाणा तोंडात घालत नाही. आणि शेवटी सुती दोरा ओढून घेतला.”

“रोज?”

“रोज. कामाला लागायच्या आधी.”

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले आणि एक्स-रे उजेडावर लावला. स्क्रूच्या भोवतीचं हाड वाटीसारखं खचलं होतं.

“त्या रेघा म्हणजे स्क्रूचे आटे आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि धातू मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. गुळगुळीत धातूला हाड नीट धरत नाही.”

“पण खरखरीत जागी घाण बसते, मॅडम.”

“बसते. अगदी बरोबर. म्हणून तर तो भाग हाडात बुडालेला असायला हवा, उघडा नाही. तुमची हिरडी आधीच सुजायला लागली असणार. तेव्हा आला असतात तर साध्या साफसफाईवर भागलं असतं. तुम्ही खरवडून ती आणखी मागे सारलीत. पोलादाने धातूवर ओरखडे काढलेत, त्या ओरखड्यांत जंतूंनी घर केलं. वरून चमकतंय तेवढंच तुम्ही बघताय. आत पू होतोय.”

भावजींनी विचारलं, “आता काय?”

“हिरडी उघडून स्क्रू साफ करावा लागेल. जमलं तर हाड खचायचं थांबेल, कदाचित थोडं भरूनही येईल. खात्री मी देणार नाही. नाही जमलं तर स्क्रू काढायचा. आणि तिथे दुसरा बसवण्याइतकं हाड उरेल असं मला वाटत नाही.”

“म्हणजे शिट्टी...”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी थोडक्यात सगळं सांगितलं, मोटरी, भिंत, शीळ. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तर मग शिट्टीही जाईल. म्हणून मी सांगते तसं सगळं ऐकायचं.”

परतीच्या वाटेवर एका दुकानाच्या दारावरची पितळी पाटी काळवंडलेली होती, तिच्याकडे भावजींनी बघितलंही नाही.

ठरलेल्या दिवशी ताई बाहेर बाकावर बसली, मी आत. इंजेक्शनाने ओठ बधिर झाल्यावर भावजींनी बोबड्या आवाजात एकच मागणी केली, “मॅडम, आरसा मिळेल का? बघायचं होतं.” डॉक्टर म्हणाल्या, “नाही.” मला ते उत्तर फार आवडलं.

हिरडी उघडली. आत स्क्रूभोवती लाल, मऊ, सडका मांसल भाग भरला होता, तो आधी काढून टाकला. मग खरी साफसफाई सुरू झाली. स्क्रूच्याच धातूच्या तारांचा, नखाएवढा एक ब्रश असतो. दुसरा धातू लागला तर त्याचे कण मागे राहतात, म्हणून त्याच धातूचा. तो हळू फिरवत, सलाइनचं पाणी सोडत डॉक्टर एकेका आट्यातून जात होत्या. मग हवा-पाण्याच्या फवाऱ्यातून एक गोडसर, मैद्यापेक्षा बारीक पूड मारायची, ओल्या जाळीदार कापडाने टिपायचं, पुन्हा ब्रश. मी नळीने पाणी ओढत होते. सगळं अगदी सावकाश चाललं होतं, आणि भावजींच्या आयुष्यात दुसरा कुणीतरी धातू घासतोय आणि आपण गप्प पडून आहोत असं पहिल्यांदाच होत होतं. त्यांना ते सोसवेना. ब्रशचा आवाज ऐकून त्यांनी एक बोट वर केलं आणि खाली दाबून दाखवलं. म्हणजे जोर लावा!

“हात खाली,” डॉक्टर म्हणाल्या.

थोड्या वेळाने बोट पुन्हा वर आलं. मी त्यांचा हात धरून खुर्चीच्या दांडीवर दाबून ठेवला. दुसऱ्या हातात नळी. तशीच शेवटपर्यंत उभी राहिले.

एके ठिकाणी डॉक्टरांनी ब्रश ठेवून बारीक टोकाचं दुसरं हत्यार उचललं. “दाताकडचे आटे आता हाडाबाहेरच राहणार,” त्या मला म्हणाल्या, “तेवढे गुळगुळीत करून टाकते.” हे ऐकताच भावजींचे डोळे लकाकले. घशातून ‘हं! हं!’ असा विजयी आवाज आला. डॉक्टर त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “हाड येणार नाही तिथेच. भरपूर पाणी सोडून. आणि भुगा सगळा काढून घेऊन. घरी आरशासमोर नाही.” डोळे पुन्हा मिटले. आतल्या खड्ड्यात हाडाची भुकटी भरली, हिरडी परत जागेवर बसवून टाके घातले, आणि संपलं.

संपलं ते आमचं. ताईचं तिथून सुरू झालं. ओठ ताणायचा नाही, फुंकायचं नाही, शीळ तर अजिबात नाही. खायला सूप आणि कुस्करलेला बटाटा. तोंड औषधाच्या पाण्याने खुळखुळायचं, आणि टाके निघाल्यावर बाळाच्या दातांना वापरतात तेवढ्या मऊ ब्रशाने, हळूच. तो ब्रश हातात घेतल्यावर भावजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. “ह्याने काय निघणार?” म्हणाले. ताई त्यांच्याशेजारी आरशात उभी राहायची. “घासायचं नाही. पुसायचं.” “पुसतोच आहे.” “दाबताय तुम्ही.” “नाही गं दाबत!” “बोटं पांढरी पडलीत तुमची.” टोचा, पट्ट्या, भिंग सगळं तिने कुठे लपवलं होतं ते मलाही सांगितलं नाही. मी हेर असल्याचा तिला संशय होता.

खाली मोटरी चालूच होत्या. काम थांबवून कसं चालेल? पण भावजींनी या वेळी ओरडायचंही नाही असं ठरवलं होतं, कारण ओरडतानाही ओठ ताणला जातो. माल तयार झाला की स्वतः उठून दारापाशी आणून ठेवायचे. चहा ताई आपणहून न्यायची. कुणी काही बोलायचं नाही. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन दोघांना हसवायचा प्रयत्न करायचे, आणि दोघं माझ्यासाठी म्हणून हसायची.

काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. हाड जिथे होतं तिथेच थांबलं होतं, खड्ड्याच्या तळाशी जरासं भरूनही आलं होतं. हिरडी गुलाबी, घट्ट. काडी घालून तपासलं तर रक्त नाही. हिरडी थोडी वर गेल्यामुळे दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसत होता आणि त्याच्या मुळाशी करड्या धातूची एक कड डोकावत होती. पण स्क्रू राहिला होता. माझा जीव भांड्यात पडला. ताईने तर डॉक्टरांचा हातच धरला.

“दर तीन महिन्यांनी यायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “हे कायमचं बरं झालं असं समजायचं नाही. लक्ष ठेवावं लागेल. शिट्टीला मात्र आता हरकत नाही.”

भावजींनी मान डोलावली. त्या दिवशी शीळ घातली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला तरी नाही. ताईने फोनवर नुसतं एवढंच सांगितलं, “अजून नाही,” आणि फोन ठेवला. माझं डोकं फिरलं. एवढं सगळं कशासाठी केलं होतं? सुट्टीच्या दिवशी मी तणतणत त्यांच्याकडे गेले आणि थेट कारखान्यात शिरले. भावजी चाक बदलत होते.

“भावजी, डॉक्टरांनी सांगितलंय ना? मग अडलंय कुठे?”

ते चाकाचा नट फिरवत राहिले. मग म्हणाले, “वाजली नाही तर?”

“म्हणजे?”

“आता फट राहिलीय तिथे. जीभ लावली की कळतं मला. आत्ता कसं, स्क्रू राहिला, सगळे खूश आहेत. तुझी ताई खूश आहे. मी फुंकलं आणि फुस्स झालं की संपलंच ना मग. त्यापेक्षा नकोच ते.” ते माझ्याकडे बघून हसले. “भीती वाटते गं. हसू नकोस.”

मी कशाला हसते! त्यांनी मोटर चालू केली, मी बाहेर ताईजवळ येऊन बसले. तिला काय ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं. ती एक पार्सल बांधत होती. दोऱ्याची गाठ तिने पुरी मारली, पार्सल बाजूला ठेवलं, उठली आणि मधल्या दारात जाऊन उभी राहिली. आणि माझ्या ताईने, जिने लहानपणी मी शीळ वाजवली म्हणून मला चापट मारली होती, ओठांचा चंबू केला.

काय शीळ होती ती! सुरुवात कुठेच नाही, मधे दोनदा तुटली, मग एकदम उंच गेली, खाली आदळली आणि शेवटी घरंगळत कुठेतरी विरून गेली. भावजींच्या भाषेत असली काही खूण नव्हती. जगातल्या कुठल्याच भाषेत नसेल. नंतर कळलं, आमच्या ताईबाई महिनाभर गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने शिकत होत्या.

आतली मोटर बंद झाली. चाक फिरत फिरत थांबलं. आणि मग आतून, विचार न करता, नुसतं ‘काय म्हणालीस?’ एवढंच विचारायला, एक शीळ आली. बारीक होती, कडेने हवा सुटत होती, पूर्वीपेक्षा जरा घोगरी. पण शीळ होती.

भावजी दारात आले. काळं तोंड, हातात अर्धी उजळलेली मूठ. “काय गं? काय सांगत होतीस? मला काही कळलं नाही.”

“मला तरी कुठे कळलंय?” ताई म्हणाली. “मी आपली वाजवली. तुम्ही उत्तर दिलंत.”

भावजी तसेच उभे राहिले. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. हात ओठाकडे गेला, पण तो काळा आहे हे आठवून मधेच थांबला. ताई इतके महिने एकदाही रडली नव्हती, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा नाही. आता तिथेच दाराला टेकून तोंडावर पदर धरून रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, “पुन्हा एकदा वाजवा. मघाशी मी नीट ऐकली नाही.”

भावजींनी वाजवली.